चौथ्या मजल्याचं मत

माझी नात प्रांजल कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या भांडुपच्या बिल्डिंगीत फॉर्म भरून घेत फिरत होती. वय, शिक्षण, मिळकत आणि मग झाडांबद्दलचं मत. जास्त शिकलेल्यांनाच झाडांची जास्त काळजी, असं तिला सिद्ध करायचं होतं. मी सातवी पास. ‘झाडं तोडू नयेत’ला ‘पूर्ण सहमत’ म्हटलं, तर पोरगी हिरमुसली.

“अगं, शिक्षणाचं काय घेऊन बसलीस? कितवा मजला ते विचार!” मी म्हटलं.

खोटं नाही. अंगणातला आंबा तोडून तिथे लिफ्ट बसवायचं सोसायटीत घाटत होतं. तळमजल्यावरचे सगळे झाडाचे भक्त, मग तो इंजिनीअर सुयोग असो की मासे विकणारी सगुणा. वरच्यांना हवी लिफ्ट. सेक्रेटरी हर्षद तिसऱ्यावरचा, शाळेत पर्यावरण शिकवतो. पण आईला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागतं, म्हणून तोही लिफ्टवाला.

आणि आम्ही चौथ्यावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून आमचे हे दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत. आंबा ह्यांनीच लावलेला, गावाहून कोय आणून.

रविवारी मीटिंगमध्ये मतं बरोबरीत अडकली.

“मालनकाकू, तुमचं काय?” हर्षदनं विचारलं.

मी डोळे मिटले आणि लिफ्टसाठी हात वर केला.

“आजी! फॉर्मात तर तू...” प्रांजल किंचाळली.

“फॉर्माला नवरा नाही गं, मला आहे!”

धापा टाकत चार जिने चढले. हे खिडकीशी बसलेले.

“ऐकलंत का? लिफ्ट येतेय. आता रोज खाली कट्ट्यावर बसायचं, झकास.”

“आणि आंबो?”

“तो जाणार.”

हे बाहेर बघत राहिले. हात घातला तर पान मिळेल, इतकी आंब्याची फांदी जवळ.

“माका इचारलंस?”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्यासाठीच केलं ना! दोन वर्षं एका खोलीत कोंडून बसलाय!”

“आंबोच नाय, मगे मी खाली जावन काय बघू?”

मला रडूच फुटलं. दोन वर्षं ह्यांचे पाय चेपले, औषधं दिली, पण दिवसभर ह्यांची सोबत कोण करतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“प्रांजल!” मी जिन्यातून ओरडले. “हर्षदला म्हणावं, ठरावावर सही करू नको, काकू येतायत!”

गुडघे गेले खड्ड्यात. पदर खोचला आणि निघाले खाली.