अक्षरजुळणीपुढचं नाव

“अहो, ती डब्बी कुठं गेली?”

सुशीलाबाई कॉम्प्युटरच्या मागे डोकं घालून उभ्या होत्या. आनंदराव दारात बुटाची नाडी बांधत होते. हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लांटची जनरल शिफ्ट, त्यात टाइम ऑफिसचे बाबू. दुसऱ्यांच्या उशिराची नोंद ठेवणाऱ्याला स्वतः उशीर करून चालत नसे.

“कोणती डब्बी?”

“मागं लागली राहते ते. प्रिंटरची वायर तिलेच तर लागते.”

“हाव, ते! काल कृष्णरावच्या पोराले, अरुणकुमारले देली. एका दिवसाचं काम होतं म्हणे.”

सुशीलाबाई सावकाश सरळ झाल्या. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उभी होती, लॉक सापडत नाही म्हणून. नागपूरहून आणलेल्या त्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामबरोबर ही बोटभर डब्बी आली होती. ती मागे लावलेली असली तरच प्रोग्राम उघडायचा. विकणाऱ्याने तेव्हाच बजावलं होतं, हरवली तर नुसती डब्बी मिळत नाही, सगळंच परत विकत घ्यावं लागतं.

“तिच्याशिवाय उघडतच नाही, हे कितीक डाव सांगतलं तुमाले?”

“अवं, प्रोग्राम तर तुह्याच मशीनमधी आहे. त्यानं कॉपी केली फक्त. कॉपी केल्यानं आपलं काही कमी होते का? दिव्यानं दिवा लावला त आपल्या घरचा उजेड जाते का?”

एवढं सुंदर बोलून झाल्यावर माणसाने थांबू नये. आनंदरावांनी स्कूटरला किक मारली आणि ते गेले.

आनंदरावांचा स्वभाव वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. लग्नानंतरची सगळी वर्षं प्लांटच्या क्वार्टरमध्ये गेली आणि तिथे वस्तू कुणा एकाच्या नसतात. पुरणयंत्र या दारातून त्या दारात फिरतं, पाहुण्यांसाठी गाद्या फिरतात, इस्त्री फिरते. शेजारी गॅस संपला की भरलेलं सिलिंडर आपणहून उचलून द्यायचं. वैशाली नगरात स्वतःचं घर झालं, पण हात तोच राहिला. डब्बीही त्यांनी तशीच दिली, गॅसचा रेग्युलेटर द्यावा तशी. फक्त स्वतःच्या घरची शेगडी विझवून कुणी रेग्युलेटर देत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि शेगडीवर तर आज शेवटचा पदार्थ होता. विदर्भ स्नेही मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका सुशीलाबाई दसऱ्यापासून जुळवत होत्या. रिटायर झालेल्या फोरमनांच्या आठवणी, अधिकाऱ्यांच्या बायकांच्या कविता, कुणाचं अक्षर मुंग्या पळाल्यासारखं तर कुणाचा कागद हळदीने पिवळा. एकेक फर्मा, म्हणजे एका मोठ्या तावावर बसणारी पानं, दुर्गच्या छापखान्यात जाऊन छापून झाला होता. राहिला होता शेवटचा, आणि तो आज संध्याकाळच्या आत द्यायचा होता. त्याच्या शेवटच्या पानावर श्रेयनामावली होती. संपादक, मुखपृष्ठ, मुद्रण, सगळ्यांपुढे नावं घालून झाली होती. ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे मात्र त्यांनी जागा कोरी ठेवली होती. स्वतःचं नाव स्वतःच टाइप करायचं म्हणजे आपणच आपलं औक्षण करण्यासारखं. शेवटच्या दिवशी करू, सगळं झाल्यावर, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांना ते नाव छापलेलं पाहायचं होतं, अगदी मनापासून. आजवर त्यांचं नाव एकदाच छापलं गेलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत, आणि तिथे त्या रमा होत्या. सासरी आल्यावर तांदळात बोटाने लिहून नाव सुशीला झालं. सुशीला गावंडे हे नाव मतदारयादीखेरीज कुठेच छापून आलं नव्हतं, आणि तिथेही गावंडेचं गावडे केलेलं.

त्यांनी पदर खोचला, लूना काढली आणि कृष्णरावांच्या घराकडे, रुआबांध्याचा रस्ता धरला.

सुपेल्याचं फाटक बंद होतं. बंद असायचंच. कोळशाची मालगाडी आपल्या मर्जीने चालली होती आणि सुशीलाबाई हँडलवर बोटं आपटत होत्या. डबे संपेनात. एकदा वाटलं, लूना इथेच टाकून पटऱ्या ओलांडाव्यात. शेजारच्या सायकलवाल्याने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण मोठ्याने पुटपुटतो आहोत. मार्चचं ऊन आताच डोक्यावर बसलं होतं.

रुआबांध्याला कृष्णरावांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, मोठ्या प्रेमाने दार उघडलं. “अगं बाई, सुशीला! ये, बस. चहा टाकतो.”

“चहा नको, वच्छलाताई. अरुणकुमार कुठं आहे? माही डब्बी पायजे.”

“तो त सकाळीच गेला हथखोजले. भैयालालच्या कारखान्यात. तिथं लेबलं छापून राहिला नं तो, सिमेंटच्या थैल्यांचे.” वच्छलाबाईंनी पातेलं चढवलंच होतं. “तू कावून एवढी घाबरी झाली? वस्तू काही पळून नाही जात. तुमच्या घरचं पुरणयंत्र आमच्याकडे सालभर होतं, झालं का काही?”

“पुरणयंत्राचं वेगळं आहे.”

“काय वेगळं? कामाले येते ते वस्तू. पोराचं कॉम्प्युटरचं नवं दुकान आहे, आपलेच लोक नाही देणार त कोण देईन? तेवढा चहा घेऊन जाय.”

सुशीलाबाईंनी उभ्या उभ्या बशीत ओतून चहा घेतला. जीभ पोळली. न घेता निघाल्या असत्या तर कृष्णरावांच्या घरी पुढचे सहा महिने त्याचीच चर्चा झाली असती. आपल्याच वस्तूसाठी आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहून चहा पितो आहोत, याचा त्यांना संताप येत होता आणि चहा चांगला झाला होता याचाही.

हथखोज गावाच्या उलट्या टोकाला. म्हणजे परत तेच फाटक, परत वैशाली नगरावरून, घराच्या अगदी अंगावरून पुढे. भैयालालचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत शाईचा उग्र वास आणि दोरीवर वाळत टाकलेली लेबलं. कोपऱ्यात काचेची खोली करून तिच्यात कॉम्प्युटर ठेवला होता. खुर्चीवर अरुणकुमार होता आणि मशीनच्या मागे सुशीलाबाईंची डब्बी.

“अरे काकू!” तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कारही केला. पोरगा वळणाचा होता. “तुम्ही कावून आल्या? मैं खुद शाम को लाके देणार होतो.”

“माहं काम आहे आज. शेवटचा फर्मा द्यायचा आहे.”

“वो तो हो गया, काकू!” त्याचा चेहरा खुलला. “काकांनी डब्बीसोबत तुमची फ्लॉपी पण देली होती नं, पानं कशी बसवतात ते पाहायले. मंडळाचे मारोतरावकाका आमच्याच गल्लीत राहतात. काल घरी आले, मी पानं दाखवली. इथं लेझर प्रिंटर आहे, एकदम चकाचक निघते. ते म्हणे, देऊन टाक. सकाळीच दुर्गले घेऊन गेले. तुमचा चक्कर वाचला.”

सुशीलाबाई टेबलाजवळ आल्या. “शेवटच्या पानावर जागा होती. अक्षरजुळणीपुढं.”

“हाव, ते खाली, कोरंच राहून गेलं होतं. मारोतरावकाका बोले, कुछ तो डालो. मी आपल्या सेंटरचं नाव टाकून देलं.” मग त्यांच्या तोंडाकडे पाहून तो जरा चाचरला. “नवं दुकान आहे, काकू. थोडी पब्लिसिटी. तुमचं त काय, घरचंच काम आहे.”

घरचंच. पापड घरचेच, शेवया घरच्याच, शिवण घरचंच, आणि आता दसऱ्यापासून डोळे लाल करून जुळवलेली पानंही घरचीच. त्यांना त्या पोराचा राग यायला हवा होता. पण तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळे त्यांना रडू यायला लागलं. ते त्यांनी गिळलं.

भैयालाल बाहेरून पान चघळत आला. प्रकरण काय आहे ते त्याने अर्धं ऐकलं आणि मत पूर्ण दिलं. “दीदी, सॉफ्टवेअर तो हवा है, हवा. हवा पे कोई ताला लगाता है क्या? सारी दुनिया कॉपी करती है.”

“हवा है, तो मेरी डब्बी क्यों मँगवाई, भैया?”

भैयालाल पानाची पिंक टाकायला वळला. सुशीलाबाई मशीनच्या मागे गेल्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू नखांनी सैल केले आणि डब्बी ओढून काढली. पडद्यावरचं अर्धवट लेबल तसंच गोठलं. “काकू, सेव तो करने देते!” अरुणकुमार ओरडला. त्या दारापर्यंत पोचल्या होत्या.

दुर्गला पोचेपर्यंत ऊन कललं. वाटेत त्यांनी मारोतरावांशी बोलायची वाक्यं जुळवली आणि मोडली. मारोतराव मंडळाचे सेक्रेटरी, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. गोड माणसाशी भांडायचं कसं, हे कुणीच शिकवत नाही.

ते छापखान्यातच होते, स्टुलावर बसून वाफाळत्या कपात फुंकर घालत. मशीनवर शेवटच्या फर्म्याची प्लेट, पानं उमटवलेला पातळ पत्रा, चढली होती. मशीनमन चिंधू शाईचे रूळ पुसत होता.

सुशीलाबाईंनी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. “मारोतरावजी, ते नाव चुकलं आहे. ही स्मरणिका मी जुळवली. सगळी.”

“अहो ताई, ते काय मले ठाऊक नाही?” मारोतराव मनापासून म्हणाले. “सगळ्या समाजाले ठाऊक आहे. मी भाषणात सांगतो नं! मले वाटलं, तुमी पोरासोबत मिळूनच करून राहिल्या. जागा कोरी, म्हणलं तुमाले नाव नसेल पायजे. बाईमाणूस आहे.”

“पायजे होतं.”

हे शब्द त्यांच्या तोंडून इतके साधे निघाले की त्यांनाच नवल वाटलं. मारोतरावांनी कप खाली ठेवला.

“पण आता कसं करायचं, ताई? परवा प्रकाशन. उद्या बाइंडिंग. प्लेटीसाठी पानांचा फोटो काढणारा कॅमेरावाला निघून गेला, नवी प्लेट होत नाही. का रे चिंधू?”

“नवी नाही होत,” चिंधू म्हणाला. तो रूळ पुसता पुसता सगळं ऐकत होता. “प्लेटीवरचं घासून काढता येते, बाई. चढवता नाही येत. म्हनसान त ते नाव काढून देतो. तुमचं काही टाकता नाही येनार.”

सुशीलाबाई प्लेटजवळ गेल्या. पानं त्यांचीच होती. प्रत्येक ओळ कुठे तोडली, कुणाच्या कवितेला किती समास दिला, कोणत्या आजोबांच्या फोटोखाली नाव मावेना म्हणून अक्षर बारीक केलं, सगळं त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि खाली, त्यांनी राखलेल्या जागेत, अरुणकुमार कॉम्प्युटर सेंटर, रुआबांधा. अक्षर ठळक केलेलं. बाकी सगळी नावं साध्या अक्षरात असताना हे एकच ठळक.

“काढा,” त्या म्हणाल्या.

“ताई, पोराचं मन...” मारोतराव अर्ध्यावर थांबले.

चिंधूने बाटलीतलं औषध कापसाला लावलं आणि त्या एका ओळीवर जपून फिरवलं. नाव पुसट झालं, मग गेलं. त्याने मान तिरपी करून पाहिलं. “बाई, हे अक्षरजुळणीबी काढून टाकू का? पुढं काहीच नाही त बरं नाही दिसत.”

“हाव, काढ काढ,” मारोतराव घाईने म्हणाले. “लोक विचारतीन.”

“ते नाही काढायचं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “विचारू द्या.”

मशीन सुरू झालं. सुरुवातीचे फिके कागद रद्दीत गेले, मग शाई बसली आणि ताव एकावर एक पडू लागले. चिंधूने एक ताव उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कडांनी धरला, शाई ओली होती.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. दुपारी जेवायला आल्यावर घराला कुलूप पाहून, वच्छलाबाईंकडून आणि मग हथखोजहून खबर घेत आनंदराव इथवर आले होते. काय झालं ते कुणी त्यांना धड सांगितलं नव्हतं, फक्त बायको डब्बी उपटून निघून गेली एवढंच कळलं होतं. ते दारातच ओशाळं हसले. “मिळाली नं डब्बी? झालं का काम?”

सुशीलाबाईंनी ताव पुढे केला.

आनंदरावांनी खिशातून चष्मा काढला. टाइम ऑफिसात हजेरी तपासतात तसं बोट लावून ते वाचू लागले. संपादकांपाशी बोट थांबलं, मुखपृष्ठापाशी थांबलं, मुद्रणाखाली आलं. अक्षरजुळणीपाशी त्यांचा चेहरा फुलला. बोट पुढे सरकलं, कोऱ्या कागदावरून तसंच पुढे गेलं आणि तावाच्या कडेशी येऊन थांबलं.

“सुशीला, तुहं नाव कुठं आहे?”

आनंदरावांनी मारोतरावांकडे पाहिलं, चिंधूकडे पाहिलं. मग त्यांनी ताव उलटा केला आणि मागे शोधू लागले. मागची बाजू अजून छापायची होती.