पाचव्या महिन्यापर्यंत मी बहिरा

मी एक लाकडी कर्णा बोलतोय. सांतियागोच्या कार्निव्हलमध्ये गाल फुगवून फुंकतात, तो मी नव्हे. माझ्यातून आवाज बाहेर जात नाही, आत येतो. माझं रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतल्या बाळाचे ठोके मोजायचे, एवढंच माझं काम. लांबीला वीतभर, रंगाने तांबूस, आणि खोटं कशाला बोलू, दिसायलाही बरा आहे.

माझा जन्म सांतियागो शहराजवळच्या पाल्मा सोरियानो गावात, सेरापिओ नावाच्या कातारकाम करणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून झाला. त्याची मुलगी एनेइदा नर्स झाली तेव्हा तिला सरकारकडून पत्र्याचा कर्णा मिळाला होता. तो इतका गार लागायचा की पोटावर टेकवताच बाया अंग चोरून घ्यायच्या. म्हाताऱ्याने घरातल्या मोडक्या झुलत्या खुर्चीचा महोगनीचा पाय कापला आणि लेथवर चढवला. मधलं भोक सरळ पडेपर्यंत माझे दोन थोरले भाऊ चुलीत गेले. तिसरा मी.

तेव्हापासून एकतीस वर्षं मी एनेइदाच्या एप्रनच्या खिशात होतो. आमचा दवाखाना एका दुमजली घरात, खाली तपासणी आणि वर डॉक्टरांची राहायची सोय. डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे. गल्ली ओळखायची ती नर्सबाईलाच. सकाळी तपासणी आणि दुपारी घरोघर फेरी असा तिचा दिवस जायचा. फेरीत प्रत्येक घरी कॉफी घ्यावीच लागे, त्यामुळे संध्याकाळी तिच्यापेक्षा माझंच डोकं जास्त भणभणायचं.

माझ्यात एक उणीव आहे, ती लपवत नाही. पाचवा महिना लागेपर्यंत मला काही ऐकू येत नाही. तोपर्यंत बाळ असतं, त्याचं काळीजही चालू असतं, पण मी ठार बहिरा. आणि आमच्याकडच्या काही बायांना आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय घ्यावा लागतो तो चौथ्या महिन्यात.

त्याचं कारण सिकलसेल. आमच्या पूर्वेकडच्या बऱ्याच घरांत हा आजार रक्तातूनच येतो. म्हणून इथे दिवस राहिलेल्या प्रत्येक बाईचं रक्त तपासतात. ती नुसती वाहक निघाली तर तिला स्वतःला काही त्रास नसतो, पण मग नवऱ्यालाही बोलावतात. दोघेही वाहक असले तर चारांतल्या एका बाळाला आजार व्हायची भीती असते. तेव्हा डॉक्टर विचारतात की पोटातून सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासायचं का. त्यातून नक्की कळतं. सुईने गर्भ जायचा धोकाही असतो, शेकडोंत एखादीला. तपासायचं की नाही, आणि कळल्यावर बाळ ठेवायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं, असं भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं. गल्लीने तो कागद कधी वाचला नव्हता.

ओदालिस त्याच गल्लीतली. वय सत्तावीस, घरीच बायकांची नखं रंगवायची. तिच्या टेबलावर हात ठेवला की बायकांची जीभ आपोआप सुटायची. तिची मोठी बहीण मार्बेलिस शाळेत भूगोल शिकवायची. मार्बेलिसला सिकलसेल होता. वर्षातून चार-पाच वेळा हाडांत अशी कळ उठायची की सलाइन लावावं लागायचं. ओदालिस त्या कळा पाहतच मोठी झालेली. म्हणून तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या रिपोर्टवर 'वाहक' शब्द दिसल्यावर तिने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला.

आता सगळं तिचा नवरा लेआंद्रो याच्या रक्तावर होतं. त्याचा रिपोर्ट साफ आला. एनेइदाने ओदालिसला मिठी मारली आणि सांगितलं, "आता त्या सुईचं नावसुद्धा काढू नकोस, पोरी." सासूने, म्हणजे सोइलाबाईंनी, पेरूची वडी आणि चीज गल्लीभर वाटलं.

इथे आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे कशालाही रांग लागते आणि रांगेत कुणीही कुणासाठी उभं राहतं. पावाच्या रांगेत शेजारीण, गॅसच्या रांगेत भाचा. हे इतकं अंगवळणी पडलंय की स्वतःसाठी स्वतः उभा राहिलेला माणूस जरा विचित्रच वाटतो.

महिनाभराने एनेइदा फेरीवर निघाली होती. चिंचेच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव रंगलेला. लेआंद्रोचा भाऊ विल्बर सलग तिसरा डाव हरला होता आणि लेआंद्रो त्याला चिडवत होता. शेवटी विल्बर उखडला.

"जास्त बोलू नकोस. रक्ताच्या परीक्षेत तू पास झालास ते माझ्या हातावर, विसरलास का?"

एनेइदा थांबली. मी खिशात तिच्या मांडीला टेकलेलो, पाय ताठरले ते मला जाणवलं. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. रक्त द्यायच्या दिवशी साखर कारखान्यात बॉयलर सोडून लेआंद्रोला निघता येईना, म्हणून त्याने प्रयोगशाळेच्या रांगेत जागा धरायला विल्बरला धाडलं होतं. नंबर आला तरी भावाचा पत्ता नाही, आणि तिथे दोघांना चेहऱ्याने ओळखणारं कुणी नाही. धरलेली जागा फुकट घालवायची म्हणजे आमच्याकडे पापच. विल्बरने लेआंद्रोचं नाव सांगितलं आणि स्वतःचीच बाही वर केली. दोघांचे आईबाप एकच, मग रक्तात काय फरक असणार, असा त्याचा हिशेब. लेआंद्रोलाही तो पटला होता, आणि उशीर झाल्याबद्दल बोलणी खायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनेइदाने लेआंद्रोच्या दंडाला रबरी पट्टी इतकी करकचून बांधली की त्याने दात आवळले. या वेळी रिपोर्ट खरा होता. तोही वाहक. ओदालिसला सोळावा आठवडा लागला होता.

मग गल्ली कामाला लागली. सोइलाबाई म्हणाल्या, त्यांच्या दोन पोरांना पोटात कुणी टोचून बघितलं नव्हतं, तरी घोड्यासारखे झाले. नखं रंगवायला येणारी एक म्हणाली, सुई बाळाच्या डोळ्यातच जाते. दुसरी म्हणाली, तपासून घे आणि मोकळी हो. लेआंद्रो मेल्याहून मेल्यासारखा होऊन "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणायचा. त्याचा तिला काडीचा आधार नव्हता.

आणि माझी एनेइदा. ती चुकली हे मला सांगायलाच हवं, जरी तिच्याच खिशात वाढलो. लेआंद्रोच्या वेळी आपण नीट पाहिलं नाही, हे तिच्या मनाला खात होतं. ती चूक निस्तरायच्या घाईत तिने सांतियागोच्या मोठ्या इस्पितळात ओदालिसचं नाव परस्पर लावून टाकलं. चिठ्ठी तयार, मंगळवार, माणसं नेणारा पहाटेचा ट्रक.

ओदालिसने चिठ्ठी वाचली. ती कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही चढवला नाही.

"नर्सबाई, लेआंद्रोच्या जागी विल्बर उभा राहिला. आता माझ्या जागी तुम्ही उभ्या राहिलात. उद्या सासूबाई राहतील. माझ्या जागी मला कधी उभं राहू देणार तुम्ही?"

एवढं बोलून ती निघून गेली. एनेइदाने चिठ्ठी फाडली, आणि त्या दिवशी दुपारी काळ्या घेवड्याचा आवडता भातही तिला गेला नाही. तिला वाटलं, आता ही पोर रागाने तपासणीच करणार नाही. मलाही तेच वाटत होतं. सुईच्या तपासणीला आठवडा-दोन आठवडे हातात होते, फार तर.

त्याच रविवारी मार्बेलिसला कळ आली. एनेइदा सलाइन लावायला गेली तेव्हा ओदालिस बहिणीच्या पायांना गरम फडकं लावत बसली होती. नर्सबाईला पाहून तिने सरकून जागा केली. जरा वेळाने कळ ओसरली. ओदालिसने बहिणीकडे न बघता विचारलं, की आईला आधी कळलं असतं तर तिने काय करायला हवं होतं.

मार्बेलिस उशीला टेकून म्हणाली, "आत्ता दुखताना विचारलंस तर एक उत्तर देईन, आणि उद्या वर्गात पोरं हसवताना विचारलंस तर दुसरं. तेव्हा माझ्यावरून तुझं ठरवू नकोस. मी पंच नाहीये बाई, मी खेळाडू आहे."

ओदालिसला हसू आलं आणि डोळेही भरले.

"एक मात्र सांगते," मार्बेलिस म्हणाली. "मला काय होतंय हे आईला कळायला चार वर्षं लागली. चार वर्षं ती मला रडकी, नाटकी म्हणायची. एकदा मारलंही होतं. मी कधीच विसरले, पण ती अजून विसरली नाही."

एनेइदा सलाइनचे थेंब मोजत राहिली. तिला बोलायचं होतं, पण ती गप्प बसली. माझ्या माहितीत तिने एकतीस वर्षांत केलेलं सगळ्यात कठीण काम तेच.

सोमवारी ओदालिस स्वतः दवाखान्यात आली. म्हणाली, तपासणी करायची आहे, तारीख ती स्वतः मागेल. बाळ ठेवायचं की नाही याचं वचन ती आज कुणालाही देणार नाही, तपासणीला हो म्हणणाऱ्यांना नाही आणि नको म्हणणाऱ्यांनाही नाही. रिपोर्टसुद्धा आधी तिच्याच हातात यायला हवा. एनेइदाने विचारलं, सोबत आलं तर चालेल का. "या की," ओदालिस म्हणाली, "पण ट्रकमध्ये माझ्या मागे बसा."

सुई झाली. डोळ्यात वगैरे गेली नाही. ओदालिसने दोन दिवस आराम केला आणि तिसऱ्या दिवशी नखं रंगवायला बसली. कुणी विषय काढला की ती विचारायची, लाल लावू की गुलाबी.

तीन आठवड्यांनी ती एकटी सांतियागोला गेली आणि दुपारी परतली. गल्लीतली प्रत्येक पायरी माणसांनी भरली होती. सोइलाबाई तर हातात झाडू धरून नुसत्याच उभ्या होत्या. ओदालिस सगळ्यांसमोरून चालत दवाखान्यात आली, दार लावून घेतलं, आत थांबलेल्या लेआंद्रोला टेबलाजवळ ओढलं आणि पाठीवर पडली.

"आधी ठोके ऐका, नर्सबाई. मग सांगते."

विसावा आठवडा सरला होता. एनेइदाने मला टेकवलं, कान लावला. पहिल्यांदा नुसता आईच्या रक्ताचा सळसळाट. तिने मला बोटभर खाली सरकवलं. आणि मग ते आलं, बारीक आणि घाईघाईचं. ती घड्याळ बघत मोजत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कडेवर पडत होतं. एकशे चव्वेचाळीस.

"एकशे चव्वेचाळीस," ओदालिस म्हणाली. "बरं. मुलगी आहे. आजार आहे. आणि ती येणार आहे. पहिल्या दिवसापासून काय काय करायचं त्याची मला यादी द्या, लेआंद्रो लिहून घेईल."

लेआंद्रोने पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, हा कर्णा आता उपदेश करणार. मुळीच नाही. त्याच टेबलावर, दोन वर्षं आधी, असाच रिपोर्ट घेऊन आलेल्या एका बाईने बाळ नको म्हणून सांगितलं होतं. तिला घरी दोन आजारी लेकरं होती. एनेइदा महिनाभर रोज तिच्याकडे सूप घेऊन जायची आणि गल्लीत कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला तिथल्या तिथे झापायची. मी दोघींनाही सारखाच ओळखतो. दोघींनी स्वतः ठरवलं, आणि दोघींनाही त्यासाठी आधी गल्लीशी भांडावं लागलं, एवढीच माझी तक्रार आहे.

आता एनेइदा निवृत्त झाली आहे. माझ्या कडेला तडा गेलाय आणि मी तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. दवाखान्यात नवी पेटी आली आहे, ती खोलीभर ठोके वाजवून दाखवते. चांगली आहे, माझ्याहून लवकर ऐकते. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. चौथ्या महिन्यातली एखादी बाई तुमच्या दारात आली आणि तुमच्याकडे सल्ला तयार असला, तर तो जरा वेळ गिळून ठेवा आणि ती काय म्हणतेय ते ऐका. त्या महिन्यात माझा काही उपयोग नसतो, तुमचा होऊ शकतो.

ओदालिसची मुलगी परवा आईबरोबर इथे आली होती. औषधं वेळेवर चालू आहेत, तरी तिला दोनदा कळ येऊन गेली आहे. ओट्याजवळ खेळता खेळता ती थांबली आणि म्हणाली, "आई, कळ आली." ओदालिसने हातातली कॉफी ठेवली, तिला उचललं, पाणी पाजलं, पायांना गरम फडकं गुंडाळलं. खरंच दुखतंय का, असं तिला कुणीच विचारलं नाही. ती चार वर्षांची आहे.