न आटणाऱ्या म्हशी

आधीच सांगून ठेवलेलं बरं, ही गोष्ट कुणाला पटायची नाही. म्हशीच्या धंद्यात ज्याला कधी तोटाच आला नाही असा एक माणूस होता. चांगला गुटगुटीत होता आणि रात्री घोरतही होता.

लोक त्याला हिशेबी म्हणत. आसपास ज्यानं ज्यानं गोठा घातला, तो दोन-चार वर्षांत दावणीचे खुंट उपटून मोकळा झाला. हिशेबींचा गोठा मात्र भरलेलाच. लांबलांबून माणसं बघायला येत. कुणी खिडक्या मोजी, कुणी गव्हाणीची उंची टिपून नेई. एकाला वाटलं, पेंडीतच काहीतरी औषध आहे. त्यानं मूठभर तोंडात टाकली, आणि म्हणतात, पुढचा आठवडाभर तो रवंथ करत बसला होता. गुपित कुणाला सापडलं नाही. सापडणार कसं? ते गोठ्यात नव्हतंच. ते मागच्या मोरीत भांडी घासत होतं.

म्हैस व्यायली की काही महिने दूध देते, मग आटते. पुढच्या वेतापर्यंत ती भाकड, म्हणजे नुसती खात उभी राहते, आणि धंद्याचा नफा तिच्या पोटात जातो. हिशेबींच्या घरी म्हैस आटली की ती विकत आणि थोरल्या सुनेला माहेरी पाठवत. येताना तिनं ताजी व्यालेली म्हैस आणायची. तिची चिमुरडी पोर तेवढी सासरी ठेवून घेत. "लहान जीव आहे, प्रवासात कशाला हाल?" असं सासूबाई मायेनं म्हणत.

गल्लीतल्या बायका सुनेचा हेवा करत. "नशीब काढलंस बाई. आम्हाला आजारी आईला बघायला सोडत नाहीत, आणि तुझं आपलं ऊठसूट माहेर."

तिचे वडील शिंपी. लग्नातल्या म्हशीपायी घराची मागची खोली गेली. पुढच्या खेपांना दागिने, भांडीकुंडी आणि शेवटी शिवणाचं मशीन गेलं. आता ते दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करत होते. विकायला राहिली होती ती फक्त सुई.

त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आपल्या माहेरच्या म्हशीची धार काढायला बसली. सड ओढले तर बादलीच्या तळाशी चार थेंब वाजले. तिनं कोमट पाणी मारलं, कास चोळली, म्हशीच्या कानाशी लागून आर्जवं केली. "बाई गं, एवढा आठवडा काढ." म्हैस शांतपणे रवंथ करत राहिली. तिनं दाराकडे पाहिलं, पटकन शेजारच्या म्हशीखाली बादली सरकवली आणि तिचं दूध आपल्या बादलीत पिळू लागली.

"ती तुझी नव्हे."

सासूबाई पाठीशी कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलंच नाही. त्या रागावल्या नाहीत. वाकल्या, सुनेच्या म्हशीची रिकामी कास हातानं चाचपली आणि हसून म्हणाल्या, "माहेरची आठवण येते का गं?"

वडील या खेपेला काय देणार? आणि म्हैस आणली नाही तर दार उघडणार नाही. पोर आत, आपण बाहेर.

दुपारी पाहुणे आले. धाकट्या दिरासाठी मुलगी सांगून आली होती. मुलीचे वडील पिठाची गिरणी चालवत, भुवयांवरही पीठ बसलेला साधा माणूस. हिशेबींनी त्यांना गोठाभर फिरवलं, मग ओसरीवर बसवलं. सून चहा घेऊन आली. पोर तिचा पदर धरून मागे मागे.

"एक विचारू का?" गिरणीवाले म्हणाले. "आमच्याकडे दोघांनी गोठे घातले, दोघेही बसले. भाकड जनावरं पोसता पोसता गेले म्हणतात. तुमचं कसं जमतं?"

"भाकड?" हिशेबी मागे रेलले. "आमच्या म्हशी आटतच नाहीत."

"असं कसं?"

"हाताचा गुण. एक तर दूध देता देताच व्यायली. रेडकाला म्हणे, थांब बाळा, बादली भरू दे."

सगळे हसले. गिरणीवाल्यांचा चेहरा उजळला. पोरगी खात्या-पित्या घरात पडतेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

"आमचं मागणं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मुलीबरोबर एक म्हैस, बस. आणि सासुरवास कसा आहे ते आमच्या सुनेलाच विचारा. सारखी माहेरी असते. सांग की गं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

खरं सांगायचं तर, सुनेच्या मनात तेव्हा जे आलं ते काही चांगलं नव्हतं. नवी जाऊ आली तर नवी म्हैस येईल. गोठा भरेल. मग काही महिने आपल्याला कुणी बाहेर काढणार नाही. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' जिभेवर आलंही होतं.

तिनं गिरणीवाल्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत पीठ भरलेलं, कपबशी जपून धरलेली. या हातांनाही काहीतरी विकायला लागणार होतं. आधी खोली, मग गिरणी.

तिनं खाली वाकून पोरीला कडेवर घेतलं, घट्ट, कुणी ओढलं तरी सुटू नये अशी.

"खोटं आहे ते, मामंजी."

"काय म्हणालीस?" हिशेबी अजून हसतच होते.

"म्हशी आटतात. आटली की ती विकतात आणि दुसरी आणायला मला पाठवतात. माझी आजच आटली."

सासूबाई उठल्या. "आत चल."

ती हलली नाही.

गिरणीवाल्यांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या पोरीची म्हैस आटली की?"

"तुमची लेक तुमच्या दारात येऊन उभी राहील, काका," सून म्हणाली. "लेकराला इथं ठेवून."