हॉलमध्ये पास, शहरात नापास

मी रितिकाच्या हातातला डिजिटल हॅम रेडिओ, परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेल्या हौशींनी एकमेकांशी बोलायचा. नवा होतो तेव्हा माझं पोट रिकामं होतं. कुठं ऐकायचं, कुठं बोलायचं, हे सगळं कॉम्प्युटरवरून भरावं लागतं.

"रविवारी भरून देतो," तिचा नवरा संघपाल म्हणाला. कोणत्या रविवारी, ते म्हणाला नाही. तोवर बाळाने माझा अँटेना दोनदा चघळला, आणि मला उकळून घ्यावं का, असा विचार रितिकाने खरोखर केला.

शेवटी हॅम क्लबच्या बोलघेवड्या आनंदराव काकांनी आपली चॅनेलची फाइल सगळ्यांना वाटली. चारशे चॅनेल! ब्राझील, जपान, सगळं माझ्यात उतरलं. नागपूरचा रिपीटर एकशे बाराव्या नंबरवर. हे टेकडीवरचं यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर आमचं ऐकतं आणि दुसरीवरून साऱ्या शहराला ऐकवतं. काकांच्या फाइलमध्ये ऐकायच्या आणि बोलायच्या, दोन्ही रकान्यांत एकच आकडा होता, यंत्राच्या ऐकवण्याचा.

लक्षात कसं येणार? तपासणी झाली क्लबच्या हॉलमध्ये. एका टेबलाभोवतीचे पंधरा रेडिओ थेट एकमेकांशी बोलले, टाळ्या पडल्या, चहा झाला. घरी गेल्यावर कुणाचीच हाक पोहोचेना. पण आपलंच चुकत असेल, म्हणून प्रत्येक जण गप्प.

"रिपीटरवर शिस्त पाहा केवढी! कुणी उगाच बोलत नाही!" काका म्हणायचे.

रितिकाला मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनी हरवलेल्या मुलांच्या केंद्रावर तिची ड्यूटी होती. त्या गर्दीत मोबाइल ठप्प होतात, भिस्त माझ्यावरच. आठवडाभर ती जरीपटक्यातल्या घराच्या गच्चीवरून हाका मारत होती.

"तू हळू बोलतेस वं," संघपाल म्हणाला.

"मोठ्यानं बोलते. बाळ उठलं की तुम्ही झोपवा."

लायसन्सची परीक्षा आपण चुकूनच पास झालो, असं तिला वाटू लागलं. तरी बाळाला मांडीवर घेऊन तिने रिपीटरची माहिती आणि फाइल ओळीओळीने ताडून पाहिली. माझ्यातला बोलायचा आकडा बदलला. तीनदा तपासला. गच्चीवर गेली, हाक मारली. शांतता.

"गेलं," ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, काय साफ आवाज येऊन राहिला तुझा! मी तीनदा उत्तर दिलं. ऐकून काहून नाही राहिली?"

"काका..." ती म्हणाली. "तुमच्या फाइलमध्ये चूक आहे. तुमचा आवाज रिपीटरपर्यंत जातच नाही."

पलीकडे कागद सळसळले. मग काका म्हणाले, "मले शंका होतीच." आणि पुढं अर्धा तास कारणं सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौदाही रेडिओंतला आकडा बदलला.

आज तो दिवस, आणि मी केंद्रावर आहे. रितिकाच्या कडेवर पाच वर्षांची काजल आहे. गाव विचारलं तर "आमचं गाव" एवढंच सांगते. रितिका माझं बटण दाबून बाकीच्या केंद्रांशी बोलते आहे, "निळा फ्रॉक, नाव काजल. हिची आई तुमच्या केंद्रावर आली का?"

बोलणं संपलंय, पण अंगठा बटणावर तसाच आहे. उत्तर आलंच नाही तर, ही तिची भीती मला तिच्या घामातून कळते.

बाई, एवढं ऐक माझं. बटण सोड. तू दाबून धरलंस तर कुणाचं उत्तर येणार कसं?

तिने अंगठा उचलला.

"आहे," आनंदराव काका म्हणाले. "इथंच आहे तिची माय."

त्यांचं इतकं छोटं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.