अनवाणी पाच फूट साडेआठ

एल्डनमध्ये प्रत्येक खेळाडूच्या दोन उंच्या असतात. एक त्याची स्वतःची आणि दुसरी कार्यक्रमपत्रिकेतली. शुक्रवारच्या बास्केटबॉल सामन्याला दारात जी पत्रिका वाटतात, तिच्यात प्रत्येकाला दोन इंच वाढवून छापायचं, हा इथला जुना रिवाज. इंडियानातली सगळीच गावं तसं करतात, त्यामुळे कुणाला त्यात खोटेपणा वाटत नाही. एक इंच बुटाचा आणि एक इंच केसांचा, असं म्हणून लोक हसतात आणि पत्रिकेने वारा घेत बसतात.

टोबी एकर्टची पत्रिकेतली उंची होती पाच फूट अकरा. खरी उंची दोनच माणसांना माहीत होती. एक टोबी आणि दुसरा व्हर्जिल टिबेट्स.

व्हर्जिलने एकतीस वर्षं शाळेच्या हॉलची देखभाल केली होती. तो निवृत्त झाला तेव्हा केक कापला, टाळ्या वाजल्या, पण किल्ली परत मागायचं कुणालाच सुचलं नाही. त्यानेही आठवण करून दिली नाही. बायको मॅक्सीन सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी ॲरिझोनात, दर रविवारी फोन करायची आणि हवा कशी आहे ते विचारायची. बाकी दिवसांत त्याच्याशी मनापासून बोलणारं असं कुणी नव्हतं. होता तो टोबी. रोज सकाळी साडेपाचला हा पोरगा हॉलच्या मागच्या दारावर दोनदा थाप मारायचा, व्हर्जिल किल्ली फिरवायचा, आणि शाळा भरेपर्यंत दोघं कामाला लागायचे. टोबी चेंडू टाकायचा, व्हर्जिल आणून द्यायचा आणि रिंगमधून गेलेला प्रत्येक चेंडू मोठ्याने मोजायचा. चारशे झाल्याशिवाय सुट्टी नाही. कधी आकडा अर्धवट राहिलाच तर सामानाच्या खोलीच्या दारावर तो खडूने लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

त्याच दाराच्या चौकटीला दर ऑक्टोबरात टोबी बूट-मोजे काढून पाठ टेकवायचा आणि व्हर्जिल पेन्सिलने रेघ मारायचा. चार वर्षांच्या चार रेघा होत्या. शेवटच्या तीन एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या होत्या. त्यावर दोघंही कधी काही बोलले नव्हते.

मंगळवारी गावात बातमी फुटली. कार्व्हर स्टेट कॉलेजने टोबीला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं. कॉलेज मोटारीने सात तासांवर. पण मेख अशी की तसाच प्रस्ताव ओहायोतल्या एका सहा फूट तीन इंची पोरालाही गेला होता. जागा एक. रविवारच्या संध्याकाळपर्यंत जो आधी हो म्हणेल त्याची. टोबी नाही म्हणाला, तर वीस मिनिटांवरच्या साध्या कॉलेजात जायचं आणि मामाच्या धान्याच्या कोठारावर काम करायचं, असं घरात ठरलेलंच होतं. आणि मग सकाळचे साडेपाच जसेच्या तसे राहिले असते. हे शेवटचं कुणी बोललं नव्हतं. ते फक्त व्हर्जिलच्या मनात आलं, आणि आलं ते गेलंच नाही.

बुधवारी सकाळी रोंडाच्या हॉटेलात नेहमीच्या टेबलावर डच हॉलिस फोन नाकासमोर धरून बसला होता. डचने जन्मभर डुकरं पाळली, चेंडू कधी हातात धरला नाही, पण बास्केटबॉलवर त्याच्याइतकं अधिकारवाणीने बोलणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. कार्व्हर स्टेटच्या चाहत्यांची एक वेबसाइट होती, तिच्यावर टोबीबद्दल रणकंदन चाललं होतं, आणि डच ते मोठ्याने वाचत होता.

"हे ऐका. 'पाच अकराचा शूटिंग गार्ड? याच्यापेक्षा माझी सासू उंच उडी मारते.'"

"त्या सासूलाच द्या म्हणावं शिष्यवृत्ती," वेंडेल क्रेब्स म्हणाला. वेंडेल गावातला न्हावी. टोबीचं पहिलं जावळ त्यानेच काढलं होतं.

"हा दुसरा बघ. 'पत्रिकेत पाच अकरा म्हणजे खरा पाच नऊ. बचावाला उभा केला तर समोरचा याच्या डोक्याला हात पुसेल.'"

"पुसू दे की. तेवढ्यात आपलं पोरगं तिकडे तीन गुण घेऊन येईल. मनगट पाहिलंस का त्याचं? लोण्यातून सुरी."

"मनगटाने उंची वाढत नाही बाबा." डचने फोन खाली ठेवला. "व्हर्ज, तू तर रोज त्याच्यासोबत असतोस. खरं सांग, किती आहे रे?"

व्हर्जिलने कॉफीत चमचा फिरवला. "पत्रिकेत आहे तेवढी."

"बघा! याला म्हणतात गाववाला," वेंडेल म्हणाला आणि त्याने व्हर्जिलच्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी व्हर्जिलने डब्यातलं सूप गरम केलं आणि मुलीने पाठवलेल्या कॉम्प्युटरसमोर वाटी घेऊन बसला. वेबसाइटवर नाव मागत होते. त्याने 'शेवटची रांग' असं लिहिलं. बराच वेळ नुसता वाचत राहिला. कुणी पोराची बाजू घेत होता, कुणी खिल्ली उडवत होता, आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. खरी उंची किती? सूप निवून त्यावर साय धरली, तेव्हा त्याने एका बोटाने टाइप केलं.

"पाच फूट साडेआठ. अनवाणी. पाच नऊही नाही. दोन वर्षांत वाढ नाही."

आपण कुणाचं वाईट केलेलं नाही, खरं तेच लिहिलं, असं त्याने स्वतःला तीन-चारदा सांगितलं. खरी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागत नाही, हे त्यालाही कळत होतं.

शुक्रवारपर्यंत चर्चेची अकरा पानं झाली होती. डचच्या चष्म्याला कॉफीची वाफ धरली होती, तरी तो वाचत होता. "कोण हा 'शेवटची रांग'? अर्धा इंचसुद्धा सोडला नाही शिंच्याने. आता सगळे ओहायोवाल्याच्या नावाने टाळ्या पिटतायत. एक तर म्हणतो, कोचला पत्र लिहून हा प्रस्ताव मागे घ्यायला लावू."

"टोबीची आई असेल लिहिणारी," वेंडेल म्हणाला.

रोंडा कॉफी ओतता ओतता थांबली. "आई उंची वाढवून सांगते वेंडेल, कमी करून नाही. अर्धा इंच ज्याला माहीत, तो कुणी लांबचा नव्हे. पोराच्या अगदी जवळचं माणूस आहे ते."

"मग तर त्याला जोड्याने मारला पाहिजे," डच म्हणाला.

व्हर्जिलने अंडी तशीच ठेवली आणि डोकं दुखतंय असं सांगून उठला.

शनिवारी टोबी आला, पण थाप एकदाच वाजली. चेंडू पडत होते, व्हर्जिल मोजत होता. टोबीचं खेळात लक्ष नव्हतं, तरीही चेंडू रिंगमध्ये पडतच होते. दोनशे बाराला तो थांबला आणि चेंडू पोटाशी धरून उभा राहिला.

"मिस्टर टिबेट्स, मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

"का रे?"

"सगळे हसतायत. मी तिथे गेलो की पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण माझ्या डोक्याकडे बघणार." त्याने चेंडू एकदा आपटला. "आणि ते साडेआठ. आईलासुद्धा मी पाच नऊ सांगितलंय. त्यांना कसं कळलं, हेच मला समजत नाही. तुमच्या तोंडून कुठे निघालं का? कॉफी पिताना, बोलता बोलता?"

पोराने त्याच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. 'हो, निघालं असेल, डचसमोर,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. व्हर्जिलला ते दार दिसलंही.

"तोंडून निघालं नाही," तो म्हणाला. "लिहिलं. शेवटची रांग म्हणजे मीच."

वरचे जुने दिवे घूं घूं करत होते.

"का पण?"

"तू गेलास की सकाळी साडेपाचला मला जायला जागा नाही. एवढंच. दुसरं काही कारण नाही."

टोबीचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम लहान पोरासारखा झाला. "प्रस्ताव आला त्या दिवशी आईने पहिलं काय विचारलं माहितीये? व्हर्जिलचं कसं होणार? मी म्हटलं, मिस्टर टिबेट्सना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला असेल." त्याने चेंडू जाळीच्या गाड्यात नेऊन ठेवला, फेकला नाही. मग पिशवी उचलली आणि गेला.

फेकला असता तर बरं झालं असतं, असं व्हर्जिलला वाटलं. मग सवयीने तो सामानाच्या खोलीपाशी गेला आणि दारावर खडूने लिहिलं, २१२.

घरी येऊन कोट न काढताच तो कॉम्प्युटरसमोर बसला. या वेळी स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि एका बोटाने दुपारपर्यंत लिहीत राहिला.

"माझं नाव व्हर्जिल टिबेट्स. शेवटची रांग मीच. उंची खरी आहे. ती मी लिहिली ती पोरगा जाऊ नये म्हणून, कारण मी एकटा आहे. यात त्याचा दोष नाही. आता मला जे माहीत आहे ते सगळंच सांगतो. चार वर्षं रोज सकाळी मी त्याचे चेंडू आणून देतोय. त्याआधी एकतीस वर्षं याच हॉलमध्ये पुष्कळांचे आणून दिले. ज्याचा नेम वाईट, तो चेंडू आणणाऱ्याला हॉलभर पळवतो. सहा फूट पाच इंचाच्या पोरांनी मला पार बाकांखाली रांगायला लावलंय. टोबी एकर्टचा चुकलेला चेंडू आणायला मला आजवर चार पावलांपेक्षा जास्त जावं लागलेलं नाही. माझे गुडघे त्याला साक्ष आहेत. तुमच्या कोचला डोळे आहेत. तो पोराच्या शेजारी उभा राहिला होता, त्याला उंची दिसली नसेल का? तरी त्याने विचारलं."

उत्तरं आली. एकाने लिहिलं, लाज वाटू द्या. दुसऱ्याने लिहिलं, आजोबा, गोळ्या घेतल्या का? सासूवाल्याने मात्र लिहिलं की चार पावलं ही गोष्ट त्याने आजवर ऐकली नव्हती आणि तो आता विचारात पडलाय. पोराने ते वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

रविवारी दुपारी टोबीने हो म्हणून कळवलं. व्हर्जिलला ते त्या वेबसाइटवरून कळलं, जसं ते कुणाही परक्याला कळलं.

सोमवारी तो रोंडाकडे गेला तेव्हा टेबल गप्प झालं. डच उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला आणि पुढे सहा आठवडे तिथेच बसला. वेंडेल उठला नाही, पण बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी म्हणाला, "केस वाढलेत तुझे. ये दुकानात."

त्या हिवाळ्यात टोबी संघाबरोबर दुपारी सराव करायचा. हॉल तेव्हा उघडाच असे, त्याला किल्लीवाल्याची गरज नव्हती. शुक्रवारी सामन्याला व्हर्जिल खरोखरच शेवटच्या रांगेत बसायचा. कधी नजरानजर झाली तर टोबी मान हलवायचा, मोठ्या माणसाला हलवावी तेवढीच. तरी व्हर्जिल रोज पाचला उठत होता. साडेपाचला मागचं दार उघडायचा, दिवे लावायचा, ते पुरते उजळेपर्यंत बाकावर बसायचा, मग ते विझवून घरी यायचा. एकदा त्याने स्वतःच एक चेंडू टाकून पाहिला. तो रिंगला न लागताच पार पलीकडच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेला, आणि तो आणायलाही त्यालाच जावं लागलं. त्यानंतर पुन्हा टाकला नाही.

वसंत संपला, उन्हाळ्याची सुट्टी लागली. दारावरचा आकडा त्याने पुसला नाही. नव्या सफाईवाल्यालाही पुसू दिला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी मागच्या दारावर दोनदा थाप वाजली.

बाहेर टोबीच्या आईची मोटार उभी होती, मागची सीट उशा-पांघरुणांनी काचेपर्यंत भरलेली. टोबीच्या पायांत कार्व्हर स्टेटचे नवे बूट होते. तो आत आला, गाड्यातून चेंडू घेतला, दोनदा आपटला.

"कुठे होतो आपण?"

"दोनशे बारा," व्हर्जिल म्हणाला.

टोबीने टाकला. "दोनशे तेरा," व्हर्जिल म्हणाला आणि चेंडू त्याच्या हातात दिला. पुढे दोघंही दुसरं काही बोलले नाहीत, फक्त आकडे. बाहेर मोटारीचा हॉर्न एकदा वाजला, मग पुन्हा वाजला. तीनशे एक्याण्णवाला टोबीने चेंडू व्हर्जिलच्या छातीशी टेकवला.

"नऊच राहिले," व्हर्जिल म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. टाकून जा."

"नको. ते थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, घरी आलो की." टोबी दारापर्यंत गेला आणि वळला. "मिस्टर टिबेट्स, तिथल्या पत्रिकेत त्यांनी मला सहा फूट छापलंय. कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," व्हर्जिल म्हणाला.

मोटार गेली. व्हर्जिलने जुना आकडा बाहीने पुसला आणि त्या जागी ३९१ लिहिलं. मग दिवे विझवले, दाराला कुलूप लावलं आणि बोटांवर हिशेब केला. थँक्सगिव्हिंगला अजून पंधरा आठवडे होते.