बातम्या लागल्यावर

आई शिवणकाम करायची. कापड आटलंय की अंग भरलंय, हे तिच्या बोटांना आधी कळायचं. मुलीच्या शाळेच्या स्कर्टची कंबर ती आज पुन्हा उसवत होती.

टीव्हीवर नायक नायिकेच्या जवळ सरकला, तसं बाबांनी नेहमीप्रमाणे बातम्या लावल्या.

"आपल्या घरात प्रेम सुरू झालं रे झालं की कुठेतरी पूर येतोच!" आत्या हसली.

मुलगी हसली नाही. तिच्या कमरेला टेप गुंडाळताना आईचा हात थबकला.

"बाळा, पाळी कधी आली होती गं?" तिने कुजबुजत विचारलं.

"आठवत नाही. आई, बातम्या लागतात तेव्हा तिकडे पुढे काय होतं? वर्गातला तो मुलगा म्हणाला, काही होत नसतं."

बाबांनी मान न वळवता बातम्यांचा आवाज वाढवला.