हातावरचं दही

इंदूरमधल्या विजय नगरच्या एका गेम कंपनीत मिताली गोष्टी लिहायची. वाचणाऱ्यानं मोबाइलवर बोट लावून आपल्या मनानं पुढे न्यायच्या, अशा. "आमच्या मुलीला अर्धवट गोष्टी लिहिण्याचा पगार मिळतो," असं तिचे बाबा, श्रीकृष्णराव, अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर भेटेल त्याला मोठ्या अभिमानानं सांगत.

सध्याच्या गोष्टीत एक मुलगी पहिल्या नोकरीसाठी घर सोडते आणि वडील दारात निरोप देतात. मितालीनं हा प्रसंग जीव ओतून लिहिला होता. वडिलांच्या तोंडी बारा वाक्यं, एकाहून एक हळवी, आणि खाली 'निघा' असं बटण. चाचणीला बसलेल्या वीस जणांनी ते बटण सरासरी चार सेकंदांत दाबलं. चार सेकंदांत बारा वाक्यं वाचणारा माणूस इंदुरात अजून जन्माला आलेला नाही, तेव्हा काय झालं ते उघड होतं.

तिचा टीम लीड ऋषभ माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा विश्वास आकड्यांवर. शनिवारच्या चाचणीतही लोक थांबले नाहीत तर सीन कापायचा, असं त्यानं सांगून टाकलं. बाकी गेम म्हणजे नुसती पळापळ. मितालीचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच एक प्रसंग होता.

गुरुवारी संध्याकाळी तिनं टॅब बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, बाराच्या बारा वाक्यं मोठ्यानं वाचली, आणि हा बाप फार बोलतो असा शेरा मारला. पण 'निघा' काही दाबेनात. चित्रातल्या फ्रिजवर मात्र बोट आपटत बसले. फ्रिज नुसता रंगवलेला आहे, तो उघडत नाही, हे तिनं तीनदा सांगून पाहिलं.

"अरे, पण दही कुठेय?" बाबा वैतागले. "हातावर दही-साखर दिल्याबिगर पोरीला कोण रवाना करतं?"

मितालीला हसू आलं. तुम्ही तरी कुठे दिलं होतं, मी पुण्याला निघाले तेव्हा, असं ती सहज बोलून गेली. आई तेव्हा माहेरी होती, घरात दोघंच होती.

बाबांनी टॅब मांडीवर ठेवला.

"विसरलो होतो ना, बेटा. स्टेशनवर याद आलं. बाहेरून मातीच्या सकोऱ्यात दही घेऊन पळत आलो, तोवर तुझी गाडी निकल गई. पूरी नोकरी रेल्वेत काढली आणि हीच एक गाडी चुकली."

"मग दह्याचं काय केलं?"

"बाकावर बसून मीच खाल्लं. साखर घातलेली होती, पण खारट लागलं."

त्या दिवशी बाबा ऐनवेळी कुठे गायब झाले म्हणून मिताली उज्जैनपर्यंत रुसून बसली होती. सात वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता कुठे त्या नुसत्या रंगवलेल्या फ्रिजनं बाबांना बोलतं केलं होतं.

शुक्रवारी तिनं बाराही वाक्यं खोडली. चित्रं काढणाऱ्या पुष्करला सोबत घेऊन बसली. आता पडद्यावर फक्त पुढे केलेला तळहात होता. खेळणाऱ्यानं त्यावर अंगठा टेकवायचा, की वडील चमच्यानं दही घालणार आणि समोर उभे राहणार. अंगठा उचलला की मुलगी निघाली.

शनिवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तिनं ते पहिल्यांदा बाबांना दाखवलं. त्यांनी अंगठा टेकवला आणि बटण कुठेय म्हणून विचारलं.

"बटण नाहीये, बाबा. अंगठा उचलला की ती जाते."

"मग मी नाही उचलत."

पाच मिनिटं झाली. मितालीनं घड्याळ दाखवलं, ऋषभचं नाव घेतलं, शेवटी हात जोडले. बाबा ढिम्म. मग तिला सुचलं. ती आत गेली, खऱ्या फ्रिजमधून दह्याची वाटी आणली, साखर घातली, चमच्यासकट त्यांच्यापुढे ठेवली आणि उजवा तळहात पुढे केला.

बाबांनी डावा हात चमच्याकडे नेला आणि थांबले. डाव्या हातानं दही देतात होय! उजव्या हाताचा अंगठा पडद्यावर अडकलेला. त्यांनी एकदा पडद्यातल्या मुलीकडे पाहिलं, एकदा आपल्या मुलीकडे. मग अंगठा उचलला आणि तिच्या हातावर चमचाभर दही घातलं. सात वर्षांचा उशीर झाला होता, पण दही गोड होतं.

ऑफिसात ती वीस मिनिटं उशिरा पोहोचली. ऋषभनं टॅब घेतला, अंगठा टेकवला. दुसऱ्या हातात त्यानं सेकंद मोजायला मोबाइल धरला होता. थोड्या वेळानं तो त्यानं टेबलावर पालथा ठेवला. चहा आला. पुष्कर म्हणाला, "भिया, चहा थंड होऊन राहिला."

ऋषभनं मान वर केली नाही. कप डाव्या हातानं उचलला.